नव्या टाकीतली हवा

माझ्या मोठ्या भावाने परक्या माणसांसमोर मला सयपाकीण म्हटलं, तेव्हा मी त्याच्याच गाडीचे पडदे शिवत बसले होते.

साकोलीला हायवेवर आमचं जेवणाचं छोटं हॉटेल होतं. वडील गेल्यावर आम्ही दोघा भावंडांनी मिळून ते काढलं. तो गल्ल्यावर बसायचा, आत चुलीपाशी मी. नागझिऱ्याला जाणारी माणसं जेवायला थांबायची आणि जंगलाजवळ राहायची सोय कुठे आहे म्हणून विचारायची. हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात आलं की एखादी जुनी गाडी घ्यावी, आत दोन माणसांचं अंथरूण, ओटा, पाण्याची टाकी बसवावी आणि घरच चाकांवर न्यावं. भावाला पटलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मी हॉटेलच्या फरशीवर खडूने गाडी आखायची. ओटा कुठे, झोपायची फळी कशी दुमडायची, चपला कुठे राहतील, सगळं पुसून पुसून पुन्हा आखलं. झोपायच्या जागेत लाल सिलेंडर नको, गाडीच्या पोटाखाली गॅसची पक्की टाकी बसवायची आणि गॅस गळला तर बोंबलून नळी आपोआप बंद करणारं यंत्र आत लावायचं, हेही माझंच. यंत्र माझ्या नवऱ्याने बसवून दिलं. तो तुमसरला राईस मिलमध्ये मशिनी सांभाळतो.

गाडी होत आली तेव्हा नागपूरचं एक वयस्कर जोडपं ती पाहायला आलं. नोकरीतून मोकळे झालेले, हौशी. त्या बाईंनी ओट्याखालचे खण उघडून पाहिले आणि विचारलं, हे इतकं विचार करून कोणी केलं. भाऊ म्हणाला, मीच, सगळं डोक्यातच होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही आमची सयपाकीण," तो म्हणाला. "हाताले चव आहे तिच्या."

मी सुई कापडात तशीच खोचून ठेवली. ते गेल्यावर मी त्याला एवढंच विचारलं की असं काहून म्हटलं. त्याला त्यात काही वाटलंच नव्हतं. म्हणाला, मोठ्या लोकांसमोर सख्खी बहीण चुलीपाशी राबते म्हटलं तर बरं दिसते का? म्हणजे त्याची अब्रू राखायला मी त्याची बहीण नसलेली बरी. त्या रात्रीचा सयपाक मी पूर्ण केला, भांडी घासली, हात पुसले आणि एकोडीला, गावातल्या माझ्या घरी आले; आई तिथेच पलीकडच्या घरात राहते. परत त्या हॉटेलची पायरी चढले नाही. दोन पडदे अर्धवट राहिले ते राहिले.

पुढचे महिने मी रागावर काढले, हे सांगायला मला लाज नाही. धानाची रोपं लावायला रोवणीत वाकले तरी राग, धान कापताना विळ्याच्या मुठीत राग. आईने दोनदा समजूत घातली, मग तीही थकली. नवऱ्याने तुमसरहून एक निकामी झालेली शाळेची गाडी आणली आणि सुटीच्या दिवशी आम्ही दोघं तिच्यामागे लागलो. लोक विचारायचे, तुले कायले पाहिजे गाडी? मी म्हणायची, धंदा करीन. खरं म्हणजे मला नुसती गाडी नको होती. मला भावाच्या गाडीशेजारी उभी राहणारी, त्याच्यापेक्षा चांगली गाडी पाहिजे होती. त्याची गाडी लोकांनी पाहावी, मग माझी पाहावी आणि मग त्यांना कळावं.

नवी टाकी नागपूरच्या दुकानातून आली. कोरी, पांढरी, रंगाचा वास असलेली. कागदपत्रं, पासिंग सगळं झाल्यावर मी मोठ्या ऐटीत भंडाऱ्याकडे गॅस भरायला गेले. पंपावरच्या माणसाने खाली वाकून टाकी पाहिली आणि नळी उचललीच नाही. टाकीतली हवा काढली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, कसली हवा? त्याने हात जोडून परत पाठवलं.

मला तो अपमान वाटला, पण दुकानातल्या फिटरला फोन केल्यावर कळलं की पंपवाला बरोबर होता. नवी टाकी रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तिच्यात साधी हवा असते आणि त्या हवेत ओल असते. तशीच भरली तर गॅसच्या डोक्यावर ती हवा बसून राहते. शेगडी नीट पेटत नाही, पेटली तर विझते. ओल रेग्युलेटरमध्ये गोठते आणि वाट बंद होते. मग सगळी टाकी खाली करून पहिल्यापासून सुरुवात.

फिटर पुढच्या आठवड्यात एकोडीला आला. त्याने खोलगट जागा नको म्हटलं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, बांधीत, धानाच्या खाचरात, उतरला तर तिथेच दबा धरून बसतो. म्हणून गाडी आम्ही खळ्याच्या उंचवट्यावर घेतली. वारा तलावाकडे वाहत होता, तिकडे वस्ती नव्हती. आईला चूल विझवायला लावली. शेजारचे काका बिडी ओढत बघायला आले, त्यांना मी बांधावरूनच परत पाठवलं. फोन घरात ठेवले, बॅटरीची तार काढली.

फिटरने आपला सिलेंडर सरळ उभा ठेवला. आडवा केला तर पातळ गॅस टाकीत उतरतो, आपल्याला नुसती वाफ पाहिजे. आधी टाकीतली कोंडलेली हवा सोडली. मग नळीने थोडी वाफ आत घेतली, दाबाचा काटा जरासा हलला तसा कॉक बंद. थोडं थांबायचं, आतलं आत मिसळू द्यायचं. मग हळूहळू बाहेर सोडायचं. पहिल्या खेपेला वासही धड आला नाही, इतकी हवा होती. पुन्हा वाफ, पुन्हा थांबणं, पुन्हा सोडणं. दुसऱ्या खेपेपासून कॉक मी फिरवले. तो नको म्हणत होता, पण हे मला माझ्या हाताने करायचं होतं. दर खेपेला वास दाट होत गेला. त्याचं समाधान झालं तेव्हा शेवटची थोडी वाफ आत ठेवून आम्ही सगळं बंद केलं, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा नाही.

आवराआवर करताना फिटर सहज म्हणाला की तुमच्या भावानेही अशीच टाकी नेली, पण त्यांना घाई होती, बसवायला दुसराच कोणी धरला. हवा काढायचं विचारलंही नाही, कुठल्याशा पंपावर तशीच भरून घेतली म्हणतात.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग त्याला नीट खोदून विचारलं, तशीच भरली तर माणसाच्या जिवाला काय? टाकी फुटेल का? तो म्हणाला, टाकी फुटत नाही. शेगडी विझली आणि बटण उघडं राहिलं तर गॅस साचेल, तो धोका. पण आत ते बोंबलणारं यंत्र असेल तर नळी बंद होईल. ते यंत्र भावाच्या गाडीत होतं आणि चालू होतं. माझ्या नवऱ्याने स्वतः तपासून दिलं होतं. म्हणजे होईल ती फजिती. जीव कोणाचा जाणार नाही.

नवरा म्हणाला, "सांगून दे त्याले."

मी म्हटलं, विचारेल तर सांगीन.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला माझी टाकी भरली, वर मोकळी जागा ठेवून. येताना भावाच्या हॉटेलवरून आले. तो दारातच उभा होता. मी गाडी हळू केली नाही. घरी आल्यावर पोटभर जेवले आणि झोपले.

पौषातली थंडी होती. जंगलाच्या रस्त्याला एका शेतकऱ्याची पडीक जागा आहे, आंब्याची झाडं आहेत, तिथे गाड्या थांबवू देतात. भावाच्या पहिल्या पाहुण्यांचा दिवस मला आईकडून कळला होता. माझ्याकडे पाहुणे नसतानाही मी माझी गाडी नेऊन अगदी समोर लावली. संध्याकाळी तो पाहुण्यांना घेऊन आला. तेच नागपूरचं जोडपं. त्याने मला पाहिलं आणि पाठ फिरवली. रात्रीचं जेवण त्याने हॉटेलमधून डब्यात आणलं होतं.

सकाळी धुकं होतं. त्याच्या गाडीतून यंत्र बोंबललं, बंद झालं, पुन्हा बोंबललं. दार उघडून तो बाहेर आला, गाडीखाली वाकला. रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलेलं मला माझ्या जागेवरून दिसत होतं. पाहुणे शाली गुंडाळून खाली उतरले, हातावर हात चोळत उभे राहिले. मी माझ्या गाडीचं बाजूचं दार पूर्ण सरकवलं. शेगडी पेटवली. निळी, सरळ ज्योत. चहात आलं ठेचून टाकलं, जरा जास्तच, वास तिकडे जावा म्हणून. मी त्याच्याकडे बघत नव्हते, पण त्याचं एकही पाऊल माझ्या नजरेतून सुटलं नाही.

बऱ्याच वेळाने तो आला. पाहुण्यांना चहा देशील का म्हणाला.

"देईन," मी म्हटलं. "आधी त्यांना सांग मी कोण ते."

तो इकडेतिकडे पाहत राहिला. नंतर सांगतो म्हणाला. मी गॅस बारीक केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. तेवढ्यात ते दोघं पाहुणेच जवळ आले. भावाची मान खाली होती. आमच्या वडिलांसमोरही मी ती कधी इतकी खाली पाहिली नव्हती.

"ही माझी बहीण आहे," तो म्हणाला. "ते गाडीचं मी म्हटलं होतं ना, ते हिनंच आखलं होतं. सगळं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  पुढे होऊन माझ्या हातातला कप घेतला आणि पडदेही तुम्हीच शिवले का म्हणून विचारलं. मी म्हटलं, दोन सोडून. ते गृहस्थ भावाशी त्यानंतर दिवसभरात कामापुरतंच बोलले. मी चहा पुन्हा भरून दिला, पोहे केले. भावालाही दिले. त्याने बशी घेतली, पण उभ्यानेच खाल्लं.

पाहुणे फिरायला गेल्यावर मी त्याला टाकीचं सगळं सांगितलं. ती खाली करावी लागेल, फिटरला बोलवावं लागेल, हवा काढून पुन्हा भरावी लागेल, तोवर शेगडीला हात लावू नको. तो ऐकत होता. मध्येच थांबला.

"तुले हे माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सयपाकिणीले कोणी विचारते का गॅसच्या टाकीचं?"

तो दोन पावलं मागे गेला. गाडीच्या पायरीवर बसून राहिला. मला वाटलं होतं, या क्षणी मला त्याची दया येईल. आई तसंच म्हणायची, की रक्ताचा आहे, समोर पडला की मन वितळेल. वितळलं नाही. मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही. दुपारचं जेवण मी पाहुण्यांना माझ्या गाडीत वाढलं, रात्रीचंही. झोपायला ते त्याच्याच गाडीत गेले, कारण अंथरूण पक्कं होतं. शेवटी तेही मीच आखलेलं.

त्याची टाकी दुरुस्त झाली, गाडी नीट चालते. त्या बाईंनी आपल्या ओळखीची माणसं पाठवली, ती माझ्याकडे येतात. काही त्याच्याकडेही जातात. आता पाहुण्यांना गाडी दाखवताना तो म्हणतो की हे माझ्या बहिणीनं बनवलं, असं मला दोघा-तिघांनी येऊन सांगितलं. त्याला मी त्याबद्दल काही बोलले नाही. आईकडे भेट होते, धानाचं, पाण्याचं बोलणं होतं. आई मधूनच म्हणते, आता झालं ना तुझं, हॉटेलात जात जा. मी ताटातलं जेवत राहते. हॉटेलात त्याने आता एक पगारी बाई ठेवली आहे. भाजीत मीठ जास्त पडते म्हणतात.