पाच शेतं, आकडा एकच

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बोरीच्या अलीकडच्या एका गावात पाच वेगवेगळ्या शेतांतल्या मातीचा रंग तंतोतंत एकच निघाला आहे. निसर्गाने असं का केलं, ते मला ठाऊक नव्हतं. डेमो बघायला आलेल्या आमच्या साहेबांना मात्र उत्तर तिथल्या तिथं हवं होतं.

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत आहे. मातीचा रंग ठरवायला आमच्याकडे एक महागडं पुस्तक असतं. त्यात रंगांच्या टिकल्या. ढेकूळ शेजारी धरायचं आणि जुळणारी टिकली शोधायची. दोन माणसं बसली की तीन रंग निघतात. म्हणून मी पेंटच्या दुकानात भिंतीचा शेड जुळवायला वापरतात तो आगपेटीएवढा स्वस्त सेन्सर आणला होता. मातीवर ठेवला की तो स्वतःचा दिवा लावतो आणि मोबाइलवर आकडा येतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. डेमो जमला तर प्रत्येक तालुक्याला सेन्सर मिळणार. फसला तर माझी दोन वर्षांची खटपट कपाटात.

शाळेच्या ओट्यावर गाव जमलेलं. पाच जणांनी घरून वाळवून, चाळून आणलेली माती पाच ताटल्यांत.

रामभाऊंची ताटली : अडतीस. सत्वशीलाबाईंची : अडतीस. उरलेल्या तिन्ही : अडतीस, अडतीस, अडतीस!

"बंद पडलंय का हे?" साहेब.

मी सेन्सर थेट त्यांच्या गुलाबी शर्टावर टेकवला. एकोणऐंशी.

"शर्ट कळतो आणि माती कळत नाही?"

"सर, शेतातच बघू. रामभाऊंचं रान शाळेमागंच आहे."

रामभाऊ ताडकन उठले. "तिकडं लय चिखल हाय साहेब."

मे महिना होता. साहेबांनी नुसतं आभाळाकडं बघितलं आणि चालायला लागले. मागे अख्खं गाव.

रामभाऊंच्या रानातलं एक ढेकूळ फोडलं, चाळलं, सेन्सर टेकवला. चोपन्न! मी चक्क उडी मारली. या वयात.

"मग ताटलीत कुणाची माती होती?" साहेबांनी विचारलं.

रामभाऊ पागोट्याशी खेळत म्हणाले, "पोराची सोयरीक चालू हाय, साहेब. पाहुणे पोराआधी इचारतेत, रान काळं हाय का? आन् तुमी तर रंग गावापुढं मोबाइलवर दाखवायलाव. मंग पहाटं थोडी सत्वशीलाबाईच्या रानातून आणली. पाटीभर."

"तुमी बी?" मागून एक आवाज आला.

"म्हंजे तू बी?" रामभाऊ गर्रकन वळले.

"मला वाटलं मी एकटाच हाय!" तिसरा म्हणाला. चौथ्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

साहेब हसून हसून बांधावरच बसले. चार जणांची चोरी एका फटक्यात पकडणारं यंत्र त्यांना पसंत पडलं. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी मंजुरी दिली. मी एवढंच शिकलो की नमुना आपल्या हाताने घ्यावा. यंत्र खोटं बोलत नाही, पण ताटली बोलते.

आता सगळ्यांच्या नजरा सत्वशीलाबाईंकडे. गावात सगळ्यात काळं रान त्यांचं, हे चौघांनी जाहीर कबूल केलेलं. त्या कमरेवर हात ठेवून चौघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि एकदम ओरडल्या, "आन् मी बया रानातले खड्डे बघून सकाळपसून रानडुकराला शिव्या द्यायलेय की!"