नातीनं ऑर्गन वाजवला तो रविवार

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण आमच्या गावात भजनाला माझ्यासारखा आवाज कुणाचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो.

मुलगा आयर्लंडमध्ये, नावन गावच्या इस्पितळात डॉक्टर. सध्या मी त्याच्याकडं असतो. नात इथंच वाढली आणि चर्चमधला ऑर्गन शिकली. तिथला जुना वादक थकला, तेव्हा फादर तिला म्हणाले, एक रविवार वाजवून दाखव. लोकांना गाता आलं, तर जागा तुझी.

तिला ती जागा हवीच होती. पण तिच्या डोक्यात तीनशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन संगीतकार बसलेला. तोही कोवळ्या वयातच चर्चमध्ये ऑर्गनवर बसला. गाण्यात इतक्या करामती करायचा, की लोक गायचे थांबायचे आणि चर्चची मंडळी त्याला झापायची.

"मग तू साधं वाजव," मुलगा म्हणाला.

"बाबा, साधं म्हणजे बोअरिंग."

"जागा हवीय ना?"

"हवीय. पण माझ्या स्टाईलनं."

"वाजव गं तुला हवं तसं," मी म्हणालो.

"अण्णा, तुम्ही तिला चढवू नका. आणि तिथं गप बसायचं हां."

रविवारी तिनं पहिली ओळ वाजवली आणि शेवटी अशी वेलबुट्टी काढली, की सुरुवात कुठून करायची कुणाला कळेना. सगळे पुस्तकात बघत गप्प. पोरीचे खांदे आखडले.

आमच्या भजनात बुवांनी ओळ टाकली, की मागच्यांनी ती लगेच उचलायची. मी उचलली. शब्द कुठले येणार? नुसता आऽऽ, पण खड्या आवाजात. मुलानं कोट ओढला. मी कशाला थांबतोय! पुढच्या बाकावरची म्हातारी वळून हसली आणि खरे शब्द घेऊन गायला लागली. मग तिचे शेजारी, मग सगळं चर्च.

त्यांची ओळ संपली, की मी तीच पुन्हा घ्यायचो, भजनात घेतात तशी. नात हुशार. माझी ओळ संपेपर्यंत पुढची सुरूच करीना. तेवढ्यात तिची सगळी वेलबुट्टी वाजवून घ्यायची. लोकांनाही दम खायला मिळायचा.

शेवटी फादर हसत खाली आले. "ग्रँड," म्हणाले. जागा तिची. फक्त नक्षी जरा कमी कर, एवढंच सांगितलं.

मान वर करून तिनं उत्तर दिलं, बघू म्हणून.