बुंध्याभोवतीचं सिमेंट

आमचे हे नगरपालिकेच्या उद्यान खात्यात माळी. बावीस वर्षांत लेखी आदेशाशिवाय एक फांदी तोडली नाही, याचा त्यांना अभिमान आणि मला वैताग. जमलं असतं तर लग्नाला माझा होकारही त्यांनी सही-शिक्क्यासकट मागितला असता.

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात स्लॅब असा तापतो की दुपारी घरात बसवत नाही. सासूबाईंना डॉक्टरांनी उष्णतेपासून जपायला बजावलेलं. म्हणून त्या दुपारभर खाली, रस्त्याकडेच्या झाडांखाली खुर्ची टाकून बसायच्या. शहर थंड करायच्या योजनेतली ती सात झाडं ह्यांनीच लावली, बादल्या वाहून जगवली. त्यांच्या सावलीत जीव खरंच निवायचा.

मग मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांच्या बुटांना माती लागू नये म्हणून बांधकाम खात्याने फुटपाथ गुळगुळीत केला आणि बुंध्यांना चिकटून सिमेंट ओतलं. बोटभर जागा सोडली नाही. पाणी घातलं की सरळ गटारात.

"फोडा ना ते," मी म्हटलं. "छिन्नी घरात, हातोडा घरात, झाड दारात."

"ते काम दुसऱ्या खात्याचं. अर्ज दिलाय. आदेश आला की फोडतो."

"तोवर झाडं काय श्वास रोखून बसणार आहेत?"

"तुला त्यातलं कळत नाही."

कळत नाही म्हणे! तीन अर्ज झाले, तीन पोचपावत्या फायलीत लागल्या, आणि खाली पानगळ सुरू झाली. एकदा मीच हातोडा घेऊन निघाले, तर हे दारात आडवे. "नोकरी घालवतेस का माझी?" मी हातोडा ठेवला. त्याचा राग अजून जात नाही. त्यांच्यावरचा कमी, स्वतःवरचा जास्त.

पुढच्या उन्हाळ्यात आदेश आला. लेखी. वाळलेली सात झाडं तोडावीत.

हे करवत घेऊन उतरले. सासूबाई सवयीने तिसऱ्या झाडाखालीच बसलेल्या, डोक्यावर ओला टॉवेल, ऊन थेट अंगावर.

"आई, ऊठ. झाड पाडायचंय."

त्या उठल्या. खुर्ची उचलून चार पावलं गेल्या आणि थांबल्या. एकाही झाडावर पान नव्हतं; रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात उघडा पडला होता.

"बाळा, खुर्ची कुठे ठेवू?"

ह्यांनी करवत खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. सातही झाडं संध्याकाळच्या आत पाडली, कारण आदेशात झाडं पाडायची तारीख त्याच दिवसाची होती.