नगरपालिकेच्या दारातली चूल

शेजारी सुकट भाजली की मला उरणमधली एक दुपार आठवते. खोल्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून मालकाने आमच्या चाळीचं पाणी तोडलं, तेव्हा भाडेकरू बायकांनी नगरपालिकेच्या दारातच चुली मांडल्या होत्या. चुलींवर सुकट भाजत होती, धुराने डोळे चुरचुरत होते. शेजारच्या फातिमाखाला आईला म्हणाल्या, "शेवंता, एकानं घर सोडलं तं सगल्यांची जातील."

आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

दोन दिवसांनी बाबांनी मालकाला चावी दिली आणि आम्ही पनवेलला आलो. नळाला पाणी बघून मी नाचले. आमच्यामागून बाकीचेही खचले. महिन्याभरात चाळ पाडली.

बाबांचं मालकाशी ठरलंय, हे चुलीपाशी बसलेल्या आईला ठाऊक होतं. खाला वारल्या तेव्हाही ती उरणला गेली नाही.