शिक्षेनंतरचे मंगळवार

सौदी अरेबियात दम्मामच्या एका खासगी इस्पितळात मी फिजिओथेरपी विभाग सांभाळते. गेल्या वर्षी खांदा आखडलेला एक अमेरिकन इंजिनिअर माझ्याकडे दोन महिने येत होता. व्यायाम झाला की टॉवेलची नीट घडी करून मगच उठायचा. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा होता. त्यांच्यात पगारी पाद्री नसतो, म्हणून दहा-बारा कुटुंबांची शुक्रवारची घरगुती प्रार्थना तोच चालवायचा.

एकदा तो फार गप्प होता. विचारलं तर म्हणाला, "आमच्यातल्या एकाने एका बाईंबद्दल खोटंनाटं पसरवलं. त्यांची माफी मागेपर्यंत प्रार्थनेतला पवित्र पाव घ्यायचा नाही, असं मी त्याला सांगितलं."

"मग सुटलात की!"

"छे. शिक्षा सांगायला पाच मिनिटं लागली. आता दर मंगळवारी त्याच्या घरी जातो. तो दार उघडत नाही. थोडा वेळ थांबतो नि परत येतो."

मला हा भाबडेपणा वाटला. त्या माणसाचं नाव मी विचारलं, त्याने सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी त्याला गाडीतून एक उंच माणूस घेऊन आला. इंजिनिअर आत व्यायाम करत असताना तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "यांचा खांदा बरा होईल ना? चार आठवडे मी यांना दाराबाहेर उभं ठेवलं. पाचव्यांदा दार उघडलं. माफी मागायला गेलो, तेव्हा हे माझ्या शेजारी उभे होते."

"होईल," मी म्हटलं.

आजवर मी माझ्या विभागातल्या तिघांना मेमो दिलेत. त्यानंतर त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी गेलेली नाही.