दोन ओळींची शिवण

खांद्यात दोरी असते हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. तेही ती तुटल्यावर.

नांदेडात कोचिंगच्या गल्लीत मी पाण्याचे जार पोचवायचो. मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं चार-चार मजली होस्टेलांत दाटीनं राहायची. लिफ्टच्या दारावर पाटी होती, फक्त विद्यार्थ्यांसाठी. जार उजव्या खांद्यावर घ्यायचा, डाव्या हातानं कठडा धरायचा आणि चढायचं. एक दिवस तिसऱ्या मजल्यावर जार निसटला. खालच्या पायरीवर एक पोरगा कानात वायर घालून पुटपुटत बसला होता. त्याच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून मी जार उजव्या हातानं वरच्यावर धरला. खांद्यात जुनं धोतर फाटावं तसं झालं. पोरानं वर पाहिलं.

"काका, नोट्सवर पाणी सांडून राहिलं ना!"

त्यानंतर हात छातीच्या वर जाईना. सदऱ्याची बाही घालताना डोळ्यांत पाणी यायचं. जारचा मालक साधाच बोलला, ओरडला सुद्धा नाही. "दोन-तीन महिने थांबतो. जार उचलला तर तू माझा गडी. न्हाई उचलला तर तुझं तू बघ." मला त्याचे उपकारच वाटले. थांबतो म्हणाला, हे काय कमी होतं?

नांदेडचे डॉक्टर वयस्क होते. फोटो दिव्यावर धरून म्हणाले, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा हाडापासून सुटलीय, औषधानं चिकटायची नाही. खांद्यावर चिरा देऊन, आत डोळ्यांनी बघून, हाडाला भोकं पाडून दोऱ्यानं बांधावी लागेल. मी विचारलं, लई मोठा चिरा? ते म्हणाले, "बोटाएवढा. पण माझा चिरा दुखतो, त्यामुळं पेशंट गुमान बसतो."

लातूरचे डॉक्टर तरुण होते. ते दुर्बिणीनं करायचे. तीन-चार बारीक भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. हाडात दोऱ्याचे खिळे ठोकायचे आणि कंडरा दोन ओळींत शिवायची. गादीला दोरे घालतात ना, म्हणाले, पहिली ओळ धरते, दुसरी ओळ कडा दाबून सपाट बसवते. एका ओळीत कड उचकटू शकते. मी हात जोडून विचारलं, मग साहेब, तुमचंच चांगलं ना? ते खोटं बोलले नाहीत. "फाट मोठी असली तर दोन ओळी पक्क्या, असं मला वाटतं. पण वर्षभरानं बघितलं तर बहुतेकांचे हात सारखेच उठतात. चिरा असो की दुर्बीण, दीड महिना हात झोळीत राहिला पाहिजे. शिवण माझी, सांभाळणं तुझं."

होस्टेलच्या पोरांना हे कळलं तेव्हा त्यांना ऊत आला. त्यांनी पांढऱ्या फळ्यावर माझा खांदा काढला. मला शर्ट काढून शेजारी उभं केलं.

"ए, चिरा. बी, दुर्बीण एक ओळ. सी, दुर्बीण दोन ओळी. डी, यापैकी नाही."

"काका, हात वर करा बरं. अजून. अजून. बस, इथं अडकतो बघा!"

"काकांला निगेटिव्ह मार्किंग हाय का रे?"

"हाय ना. चुकलं की हात कट!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण सी ला जास्त मतं पडली आणि माझ्याही मनात तेच होतं. वाटलं, भोकं बारीक म्हणजे दुखणंही बारीक, कामावर लवकर जाता येईल.

तरुण डॉक्टरांनी स्वतः खटपट करून माझं ऑपरेशन सरकारी योजनेत बसवून दिलं. गावाकडं आईला फोनवर सांगितलं तर ती रडली. "देवमाणूस हाय रे. दोन्ही हातानं पाय धर त्याचे."

दोन्ही हातानं. हे आईनं मला भूकंपात शिकवलं. माळवदाच्या मातीतून चुलत्यानं मला याच उजव्या हाताला धरून ओढून काढलं होतं. बाप निघाला नाही. मी पाचवीत होतो. शाळाही पडली होती, आणि नवी उभी राहीपर्यंत मी औशाच्या हॉटेलात कपबशा विसळायला लागलो होतो. त्याआधी मदतीच्या गाड्या यायच्या. रांगेत आई मागून माझी मान दाबायची, वाक, दोन्ही हात लाव, एका हातानं पाया पडलं तर समोरच्याचा अपमान होतो. एकदा एका साहेबाचा फोटो नीट आला नाही. त्यानं दिलेलं ब्लँकेट माझ्या हातातून परत घेतलं आणि म्हणाला, "पुन्हा वाक. हसू नको." मी पुन्हा वाकलो. ब्लँकेट ऊबदार होतं, हे खोटं कसं म्हणू?

ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांत भोकं सुकली. आरशात बघितलं तर डास चावल्यासारखे डाग. दुखणं जवळजवळ गेलं. झोळीत हात बांधून मी लोकांना सांगत फिरायचो, काही झालंच नाही बघा! रात्री मात्र भीती वाटायची, की खरंच काही झालं नसेल तर.

महिन्यानं लातूरला दाखवायला गेलो. डॉक्टर खूष होते. माझा खांदा ते डॉक्टरांच्या परिषदेत दाखवणार होते, शेजारच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "बघा, दोन ओळी." मी निघता निघता दारात थांबलो. आईचं बोलणं आठवलं. डावा हात एकटाच पुढं कसा करायचा? आतली शिवण ओली आहे, हे सांगायला बाहेर जखमही नव्हती. मी झोळीतून उजवा हात काढला, गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हात त्यांच्या बुटांकडं नेले.

ते संकोचले. भला माणूस. "अरे अरे, नको नको," म्हणत पटकन मागं सरले.

पाय जिथं होते तिथं नुसती फरशी. माझा तोल गेला आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. आतून आवाज आला, आधीसारखाच.

डॉक्टरांनी नवा फोटो दिव्यावर धरला. मग म्हणाले, "तुला पाया पडायला कुणी सांगितलं होतं?" त्यांचा आवाज चढला. "माझी एवढी सुंदर केस!" शिकाऊ डॉक्टर खाली बघत होते. दोन्ही ओळी उचकटल्या होत्या. कड विरलीय, म्हणाले, पुन्हा टाका धरायचा नाही. मी म्हणालो, "माफ करा साहेब." आणि हात जोडायला गेलो तर ते जवळजवळ किंचाळले, "हात खाली!"

मालकानं मला ठेवलं. जार धुवायला, तळमजल्यावर, डाव्या हातानं. उपकारच त्याचे. फळ्यावरचा खांदा पोरांनी पुसला नव्हता, फक्त सी वर फुली मारली होती.

परीक्षेच्या सकाळी पोरं दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या पाया पडतात. नोट्स भिजलेला तो पोरगा माझ्यासमोर आला आणि वाकला. मी जागचा हललो नाही, मागं सरलो नाही. उजवा हात त्याच्या डोक्याकडं न्यायला लागलो. हात छातीपाशी आला आणि तिथंच अडकला. डाव्या हाताचा आशीर्वाद मला देववेना.

"काका, लवकर, ऑटो थांबलाय."

तो क्षणभर वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला आणि दारातल्या वॉचमनच्या पाया पडायला गेला.