तांब्याच्या पट्टीची मागची बाजू

मार्नी रॉबिशोला पसारा बघवत नसे. वीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, आणि तिच्या बसमध्ये कुणी सीटखाली केळ्याचं साल टाकून तर दाखवावं! अशी बाई मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात ख्रिसमसच्या झाडांचा मळा घेऊन बसली, म्हटल्यावर काहीतरी होणारच होतं.

मळा एल्विन टार्बेल या चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा. घ्यायला इतर पुष्कळजण टपले होते, पण त्यानं तो मार्नीला आणि तिच्या नवऱ्याला, वॉल्टला दिला, आणि एकच वचन घेतलं. "तळ्याकाठचं हेस्टरचं झाड तेवढं सांभाळा. बाकी तुमचं तुम्ही बघा." हेस्टर त्याची बायको. लग्नाच्या वर्षी तिनं ते लावलं होतं, आणि आता ती नव्हती. तळ्याकाठी एक उंच, देखणं फरचं झाड होतं. तेच हेस्टरचं, असं मार्नीनं मनाशी धरलं आणि शब्द दिला. एल्विन फाटकाजवळच्या लहान घरात राहायला गेला.

पहिला उन्हाळा शिकण्यात गेला. जुलैत झाडांना आकार देण्यासाठी लांब सुऱ्यांनी छाटणी करायची असते. वॉल्टनं अख्खी एक रांग एकाच बाजूनं छाटली. लेक ईडी हसून हसून बेजार झाली. "बाबा, झाडांची अर्धीच दाढी केलीत!"

"दुसरी बाजू भिंतीला लावायची," वॉल्ट म्हणाला. तो असल्या गोष्टींनी कधी खचत नसे.

ऑक्टोबरात एल्विन गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला, आणि इकडे मार्नीचं लक्ष बुंध्यांकडे गेलं. रांगांच्या मधे मधे कापलेल्या झाडांचे गुडघाभर उंच बुंधे, खाली अस्ताव्यस्त फांद्या. बघवेनात ते!

"म्हातारा आला की विचारू," वॉल्ट म्हणाला.

"बुंधे काढायला काय विचारायचं? गिऱ्हाईक अडखळून पडलं म्हणजे?"

तीन दिवसांत तिनं तेवीस बुंधे जमिनीसरसे कापले. चौथ्या दिवशी शेजारची बर्निस अंडी घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"अगं बाई! हे काय करून बसलीस?"

"साफसफाई."

"डोंबलाची साफसफाई! जिवंत होते गं ते! खालच्या फांद्या राखून वर कापायचं असतं. मग एखादी फांदी वळून सरळ उभी राहते, तिचंच पुन्हा झाड होतं. एकेका मुळावर पाच-पाच झाडं निघतात इथं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"हे काय सांगायचं असतं?" बर्निसला खरंच नवल वाटलं.

या माणसांच्या लेखी बुंधासुद्धा झाडच, हे आत्ता मार्नीच्या डोक्यात शिरलं. ती धावत तळ्यावर गेली. त्या देखण्या झाडाच्या पलीकडचा बुंधा तिनं परवाच कापला होता. भुशात हात घातला तर काळपटलेली तांब्याची पट्टी लागली. वर 'हेस्टर' कोरलेलं.

एल्विन घरी आला. दर रविवारी मार्नी त्याला सूप नेऊन देई, आणि तो विचारी, "हेस्टरचं कसं आहे?"

"छान आहे," ती म्हणाली. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा पट्टी तिच्या कोटाच्या खिशात होती. ज्या माणसानं विश्वासानं मळा दिला त्याच्या तोंडावर खोटं बोलतो आहोत, या विचारानं तिला घास गोड लागेना.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर मळा गिऱ्हाइकांसाठी उघडला. गाड्यांची रीघ लागली. वॉल्ट झाडं जाळीत गुंडाळत होता, ईडी गरम सफरचंदाचा रस वाटत होती, अर्ध्या दाढीची झाडंसुद्धा खपली. मार्नी रांगांमधून ओरडत फिरत होती, "गुडघ्याच्या वर कापा हो! खालच्या फांद्यांना हात लावाल तर बघा!" इतका आनंद तिला वर्षानुवर्षांत झाला नव्हता. म्हणूनच पट्टी खिशात टोचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एल्विनकडे गेली आणि पट्टी त्याच्या टेबलावर ठेवली. "मी मारलं ते झाड. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

एल्विन पट्टीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय, म्हणून ती घाबरली. म्हातारा हसत होता.

"पोरी, हेस्टरचं झाड तू कुठलं मारतेस? ते मीच मारलं, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. ट्रॅक्टर मागे घेताना मुळासकट उपटलं. ती माहेरी गेली होती. गुपचूप पट्टी शेजारच्या झाडाला बांधली. एक्कावन्न वर्षं संसार केला, तिला पत्ता लागू दिला नाही! जा, आता तूही शेजारच्यालाच बांध."

मार्नी हलक्या मनानं तळ्यावर गेली. बांधण्याआधी तिनं पट्टी बर्फानं घासली. मळकट वस्तू बांधणारी ती नव्हेच. मागच्या बाजूला खिळ्यानं ओरखडलेली अक्षरं निघाली.

'हे माझं नाही. पण असू दे. – हेस्टर'

ती तशीच उतारावरून खाली आली आणि पट्टी उलटी करून एल्विनच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"लबाड!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "एका शब्दानं बोलली नाही गं मला."

मार्नीनं सूप गरम करायला ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यानं पट्टी तिच्यापुढे धरली.

"जा, बांधून ये. आणि हे बघ, या वेळी मागची बाजू वर राहू दे."